एकास बारा

एका फुटाचा एक इंच.
पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत बावीस,
नाकापासून शेपटीपर्यंत पावणेएकोणतीस.
आकडे मी गिऱ्हाइकांच्या वहीतच लिहिले,
सिंधूबाई बडगुजरांच्या बाह्यांच्या खाली.
नावाच्या जागी : नॅट.

धरणगावात मे महिन्यात सरस
लाकडाआधी बोटावर वाळतो.
सावरीचा ओंडका सुताराने फुकट दिला,
म्हणाला, याच्या काड्यापेट्या होतात बाई, तुम्ही काय करणार?
पंख मी बाहीसारखा कापला,
आधी बटर पेपर, मग खडू, मग करवत.
पत्रा गोडेतेलाच्या डब्याचा.
काच शरबताच्या बाटलीची, गरम पाण्यात वाकवलेली.
आणि रिव्हेटं?
माझ्याकडे होतंच की दातेरी चाक,
पन्नास वर्षं कापडावर टाक्यांची वाट आखणारं.
पत्र्यावरून फिरवलं
तर एकामागे एक उमटत गेले
सुपडूच्या हाताखालचे ठिपके.

सुपडू माझा धाकटा भाऊ.
पत्ता एवढाच : छप्पन ए.पी.ओ.
कुठे आहे ते लिहायची बंदी,
म्हणून निळ्या आंतर्देशीय पत्रात विमानाचंच लिहायचा.
इतकं बुटकं, अक्का, की उभ्या उभ्या पाठीवर हात ठेवता येतो,
बैलाच्या ठेवावा तसा.
पोटात नळ्यांची एवढी दाटी
की सार्जंटचा पंजा आत जात नाही,
मग मला हाक मारतात.
आमच्या घरात सगळ्यांचेच हात लहान.

एकाहत्तरच्या डिसेंबरात
आमच्या रेडिओभोवती गल्ली जमली होती.
कुणीतरी विचारलं, तुझा भाऊ करतो काय तिथे?
मी म्हणाले, उडवतो.

एकच शब्द. गावभर झाला.
सुपडू सुटीवर आला तर स्टेशनावर हार,
शाळेत टेबलावर धुतलेली चादर, आणि पोरांचा प्रश्न :
वरून ढग कसे दिसतात?
त्याने माझ्याकडे बघितलं.
मग म्हणाला, खालून दिसतात तसेच, बरेचसे.
रात्री जेवताना मी मान वर केली नाही.
त्याने ठेचा मागितला, दुसरी भाकरी मागितली,
बाकी काही नाही.
पुढेही कधी नाही.

उभ्या जन्मात तो एकदाही उडाला नाही.
पहाटे चाकांखालची अडण ओढून काढायचा,
बाजूला होऊन मोजायचा, चार गेली.
चार परत आली की चहा प्यायचा.
एकदा तीन आली.
हे पत्रात नव्हतं. हे गेल्या थंडीत,
भुसावळच्या दवाखान्यात,
सलाईन लावलेल्या हाताची तीन बोटं वर करून :
एक उनं नही, अक्का.
त्या विमानाचा शेवटचा स्क्रू
ह्याने पिळला होता.

चंदेरी रंग लोखंडी कपाटाला लावतात तो.
केशरी, पांढरा, हिरवा :
वर्तुळं बॉबिन ठेवून आखली.
पायलटही केला होता, बोटाएवढा,
डोक्याला शर्टाचं बटण.
बसवला. रात्रभर मशीनच्या पाटावर ठेवून दिला.
सकाळी चिमट्याने अलगद उचलून काढला.
त्याचा राग नाही,
त्याच्या फोटोला कुठेतरी हार असेलच.
काच उघडी ठेवली. पोटाखालचं झाकण उघडं ठेवलं,
तिथून सुई डोकावते, तो स्क्रूड्रायव्हर.
चाकांखाली सागाची अडण, पिवळी,
ओढायला काजाचा दोरा.

आता शाळेला हवंय, काचेच्या पेटीत.
सर विचारतात, पाटीवर काय लिहायचं?
सुपडू झावरू महाजन, फिटर.
विमान उडवत नव्हता.
सर पेन थांबवतात. दुसरी ओळ कशाला, आजी?

तेवढी राहू द्या, म्हटलं.
बाकीचं सगळं तिच्यासाठी शिवलंय.

टेप गळ्यात होताच. पेटीचं माप दिलं :
चोवीस रुंद, एकतीस लांब.
अंगाला घट्ट नको,
इंचभर सैल असू दे.